शिडीची उंची, रस्त्याची रुंदी : वडाळ्यावरून दिसणारा मुंबईच्या अग्निशमन शिड्यांचा इतिहास

मुंबईच्या अग्निशमन दलातील शिडीच्या वाहनांचा इतिहास बहुधा मीटरांत सांगितला जातो : अमुक साली इतक्या मीटरांची शिडी आली, पुढे तिच्याहून उंच आली, आणि इमारती मात्र तिच्याही पुढे निघून गेल्या. हा हिशेब खोटा नाही, परंतु अपुरा आहे. कारण शिडी किती उंच जाईल हे जसे तिच्या पोलादावर ठरते, तसेच ती कोठे उभी राहू शकेल हे रस्त्याच्या रुंदीवर, जमिनीच्या घट्टपणावर आणि इमारतीभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेवर ठरते, आणि जुनी शिडी काढून नवी आणण्याचा प्रश्न प्रत्येक पिढीत या दोहोंच्या ओढाताणीतून उभा राहिला आहे. ही ओढाताण तपासण्यास वडाळा विशेष सोयीचा आहे. दलाच्या प्रादेशिक समादेश केंद्रांपैकी, म्हणजे शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागातील केंद्रांवर देखरेख ठेवणाऱ्या कचेऱ्यांपैकी, एक येथे आहे. शिवाय तीन मजल्यांची पारशी वसाहत, गिरण्यांच्या जमिनीवर उठलेले मनोरे, संगमनगर-अँटॉप हिलच्या दाट गल्ल्या, गोदीच्या जमिनीवरील गोदामे आणि मोनोरेलचे खांब हे सर्व इतक्या थोड्या अंतरात आढळते की, शिडीच्या गेल्या सव्वाशे वर्षांतील बहुतेक अडचणी एका विभागाच्या नकाशावर दाखविता याव्यात.

आगीविरुद्धची शिडी ही मूळची जीव वाचविण्याची वस्तू नव्हे. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या किल्ल्यात लागलेल्या ज्या आगीने तटाच्या आतील वस्तीचा मोठा भाग खाऊन टाकला, तिच्यासारख्या आगींत शिड्या, आकडे आणि कुऱ्हाडी यांचा उपयोग मुख्यतः शेजारची छपरे उतरवून आगीचा मार्ग तोडण्यासाठी होत असे, आणि माणसांनी आपापल्या पायांनी बाहेर पडावे असेच गृहीत धरलेले असे. एकमजली, दुमजली घरांच्या वस्तीत ते चालण्यासारखेही होते. माणूस वर अडकतो आणि जिना धुराने भरतो, ही स्थिती घरांवर मजले चढू लागल्यावरच नेहमीची झाली, आणि तिच्यावरचा उपाय प्रथम लंडनमध्ये संघटितपणे योजला गेला. तेथे १८३६ मध्ये आगीपासून जीवितरक्षण करण्यासाठी एक संस्था स्थापन झाली आणि एब्राहम विव्हेल याने तिच्यासाठी चाकांच्या गाड्यावर उभी शिडी बसविली. हा गाडा रात्री चौकात उभा असे, हाक येताच ढकलत नेला जाई, आणि शिडीखाली कापडी पन्हळ असल्यामुळे माणसांना तिच्यातून घसरत खाली येता येई. १८६७ मध्ये ही साधने लंडनच्या नव्या अग्निशमन दलाकडे आली, आणि आग विझविणे व जीव वाचविणे ही तोवर वेगळी मानली गेलेली दोन कामे एका छताखाली गेली.

मुंबईत ही जोडणी कायद्याच्या मार्गाने झाली. आगीचे बंब एकोणिसाव्या शतकात बराच काळ पोलिसांच्या ताब्यात होते. नंतर हे काम नगरपालिकेकडे सोपविण्यात आले आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने, त्याच्या ६१ व्या कलमातील अनिवार्य कर्तव्यांच्या यादीत, अग्निशमन दल राखणे आणि आगीच्या वेळी जीवित व मालमत्ता यांचे रक्षण करणे हे बंधनकारक ठरविले. या तरतुदीत जीवित हा शब्द मालमत्तेच्या आधी येतो. विमा कंपन्यांनी उभारलेल्या युरोपातील जुन्या दलांचा क्रम नेमका उलट होता, आणि व्यापारी शहराच्या कायद्यात तो तसाच राहिला असता तरी कोणास नवल वाटले नसते. जीवित आधी म्हटल्यावर शिडी आलीच, कारण पंपाने मालमत्ता वाचते, परंतु वरच्या मजल्यावरील माणूस पंपाने खाली येत नाही.

नव्या दलाच्या काळात शिडीचे शास्त्र जर्मनीत बदलत होते. उल्म शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख कोनराड डीट्रिख मागिरस याने १८७२ मध्ये दोन चाकांवरील, एकात एक सरकणाऱ्या भागांची शिडी बनविली, आणि त्याच्या कारखान्याने १८९२ मध्ये तिला टर्नटेबलवर, म्हणजे वाहनाच्या पाठीवरील फिरत्या चक्रावर, बसविले. हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. भिंतीला टेकणारी शिडी भिंतीवर अवलंबून असते, म्हणून भिंत जळत असेल किंवा खिडकीपुढे सज्जा आला असेल तर ती निरुपयोगी ठरते. टर्नटेबलवरील शिडी मात्र कशालाही न टेकता आपल्याच पायांवर हवेत उभी राहते, कोणत्याही दिशेस वळते, आणि म्हणून तिच्या टोकावरून माणसे उतरविता येतात तसा जळत्या छपरावर वरून पाण्याचा मारा करता येतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शिडी उचलणे, लांबविणे आणि फिरविणे या तिन्ही क्रिया वाहनाच्या इंजिनावर होऊ लागल्या. त्यानंतर मागिरस आणि कार्लस्रूहचा मेट्झ हे दोन जर्मन कारखाने शिडीच्या व्यापारात अग्रेसर राहिले, आणि १९३० च्या दशकात ब्रिटनमधील लेलँडच्या सांगाड्यावर मेट्झची शिडी चढवून वाहने बनविली जात होती. ज्या देशाशी साम्राज्याचे वैर वाढत होते त्याच देशाच्या शिडीवर साम्राज्यातील शहरे आपल्या नागरिकांना खाली उतरवीत होती, ही गंमत त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या नजरेतून सुटली नसावी.

या शिडीचे गणित साधे आहे, आणि पुढचे सारे त्यावर अवलंबून असल्यामुळे ते येथेच मांडणे बरे. शिडी जमिनीशी सुमारे ७५ अंशांचा कोन करून उभी केली असे धरले, तर १५ मीटर लांबीची शिडी साधारण साडेचौदा मीटर उंची गाठते आणि तिचा पाया भिंतीपासून चार मीटरांच्या आत राहतो. ३० मीटरांची शिडी २९ मीटर उंची गाठते, परंतु तिचा पाया भिंतीपासून जवळजवळ आठ मीटर दूर असावा लागतो. त्यात वाहनाची स्वतःची रुंदी, आणि वाहन कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना बाहेर काढून जमिनीवर टेकविले जाणारे जॅक, यांची जागा मिळवावी लागते. शिडी जितकी आडवी झुकेल तितका कलंडण्याचा धोका वाढतो, म्हणून तिची उंचीची मर्यादा आणि आडव्या पल्ल्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी असतात. वृत्तपत्रांत छापला जातो तो पहिला आकडा, आणि आगीच्या जागी कामी येतो तो पुष्कळदा दुसरा.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईने, शिडीचा विचारही मनात न आणता, शिडीसाठी रस्ते तयार केले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा हेतू दाट वस्तीतून समुद्राचा वारा खेळावा हा होता. त्यासाठी प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद मार्ग जुनी वस्ती फोडून काढण्यात आले, आणि शहराच्या उत्तरेस दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव येथे मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहती वसविण्यात आल्या. वडाळा-दादरच्या सीमेवरची पारशी वसाहत ही त्यांतली सर्वांत नीट राखली गेलेली : तळमजला आणि वर दोन मजले एवढीच उंची, इमारतींमध्ये अंतर, समोर झाडांचे रस्ते आणि मध्ये पाच उद्याने. हवेसाठी सोडलेले हे अंतर आगीच्या वेळी बंबाला वाट देणारे ठरले. अशा इमारतीचा सर्वांत वरचा सज्जा पंधरा मीटरांच्या शिडीच्या टप्प्यात येतो आणि ती उभी करण्यास लागणारे चार मीटर पदपथाच्या कडेला सहज मिळतात. इमारत, रस्ता आणि शिडी या तिघांचा मेळ मुंबईत इतका चोख पुन्हा क्वचितच बसला.

त्याच काळात शेजारी कामगारांची वेगळी मुंबई उभी राहत होती. १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळी तळमजला आणि वर तीन मजले अशा, काँक्रीटच्या आणि एकमेकींपासून सुट्या उभ्या केलेल्या होत्या. त्या राहण्यास कितीही कोंदट असल्या तरी आगीच्या दृष्टीने गिरगाव-काळबादेवीच्या लाकडी जिन्यांच्या चाळींहून सुरक्षित होत्या. लाकडी चाळीत जिना हाच पहिला पेट घेई आणि वरच्या गॅलरीतील बिऱ्हाडे एकाच वेळी अडकत. तेथे बंबावरून नेली जाणारी, चार हातांनी उभी करण्याची, एकात एक सरकणारी साधी शिडीच कामाची असे, कारण मोठ्या शिडीचे वाहन गल्लीच्या तोंडाशीच थांबे. गिरण्यांचा प्रश्न आणखी निराळा होता. कापसाचे तंतू, तेलाने भिजलेल्या लाकडी जमिनी आणि गरम धुरे यांमुळे गिरणी केव्हाही पेटू शके, आणि विमा कंपन्यांच्या आग्रहाने मालकांनी छताखाली पाण्याच्या फवाऱ्यांच्या नळ्या आणि इमारतीच्या माथ्यावर टाक्या बसविल्या. गिरणगावात आजही उरलेल्या काही बुरुजांवर त्या टाक्यांची जागा ओळखू येते. आग बाहेरून नव्हे, इमारतीने आतून विझवावी ही कल्पना, जी पुढे उंच मनोऱ्यांच्या नियमांचा आधार झाली, ती मुंबईत गिरणीच्या वाटेने आली. शिडी येथे पाण्याचा मनोरा म्हणून कामास येई. कापसाच्या गठ्ठ्यांची आग दिवसेंदिवस धुमसते आणि तिच्यावर वरूनच पाणी सोडीत राहावे लागते, म्हणून वडाळ्याच्या दक्षिणेस कॉटन ग्रीन येथे कापसाचा बाजार आणि गोदामे वसल्यानंतर या कामाला त्या पट्ट्यात तोटा नव्हता.

१४ एप्रिल १९४४ च्या घटनेत शिडीला जवळजवळ काहीच करता आले नाही, आणि तरीही मुंबईच्या दलाचा कोणताही इतिहास तिला वळसा घालून जाऊ शकत नाही. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकीन या जहाजात कापूस आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती; दुपारी कापूस पेटल्याचे लक्षात आले, दलाचे बंब धक्क्यावर आले, आणि चार वाजून गेल्यावर काही मिनिटांनी पहिला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. पेटते गठ्ठे आसपासच्या वस्तीवर पडून आगी पसरल्या. दलाचे ६६ जण या दिवशी गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. या आपत्तीतून घेतला गेलेला धडा उंचीचा नव्हता. कोणत्या मालाशेजारी कोणता माल ठेवावा आणि जळत्या वस्तूत काय आहे हे बंबवाल्यांना केव्हा कळावे, याचा तो होता. स्वातंत्र्यानंतर या विद्येला शिक्षणाचे रूप मिळाले : राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूर येथे सुरू होऊन १९५७ मध्ये नागपुरास आले, आणि शिडीची कवायत, म्हणजे ती उतरविणे, उभी करणे, तिच्यावरून माणूस खांद्यावर टाकून खाली आणणे, हा प्रशिक्षणाचा पक्का भाग होऊन बसला.

या सुमारास इमारतींनी शिडीची संगत सोडली. १९६० च्या दशकात कारमायकेल रोडवर उषा किरण ही सुमारे पंचवीस मजल्यांची इमारत उभी राहिली, नंतर नरिमन पॉइंटच्या भरावावर कचेऱ्यांचे मनोरे आले, आणि तीस मीटरांची शिडी अशा इमारतीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच पोचू शकली. त्याच वेळी शिडीला एक प्रतिस्पर्धीही मिळाला. शिकागो शहराच्या अग्निशमन दलाचा प्रमुख रॉबर्ट क्विन याने १९५८ मध्ये, झाडे छाटण्यासाठी आणि तारांच्या कामासाठी वापरला जाणारा सांध्यांचा हात आणि त्याच्या टोकाचा पिंजरा आगीवर आणला, आणि त्याला स्नॉर्केल हे नाव पडले. मुंबईत आजही बंबवाले आणि वृत्तपत्रे या जातीच्या वाहनाला स्नॉर्केलच म्हणतात, मग ते कोणत्याही कारखान्याचे असो. शिडीवरून माणसांची रांग लागोपाठ उतरू शकते, पिंजऱ्यात मात्र एका वेळी मोजकीच माणसे बसतात आणि प्रत्येक खेपेस तो खाली आणावा लागतो. उलट पिंजरा म्हाताऱ्या, जखमी किंवा घाबरलेल्या माणसाला उतरविण्यास अधिक सोयीचा, आणि कोपरासारखा वाकत असल्यामुळे कठड्याच्या पलीकडे जाऊ शकणारा. म्हणूनच मोठी दले दोन्ही ठेवतात, आणि जुन्या शिडीच्या जागी काय घ्यावे हा प्रश्न निव्वळ उंचीचा राहत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री ताज हॉटेलच्या खिडक्यांतून पाहुण्यांना उतरवून घेणाऱ्या दलाची छायाचित्रे जगभर गेली. ते काम झाले ते एका जुन्या, मध्यम उंचीच्या इमारतीवर आणि समोर अपोलो बंदराचा मोकळा रस्ता असताना.

२०१० च्या दशकात मुंबईच्या दलाने फिनलंडच्या ब्रोन्टो स्कायलिफ्ट या कारखान्याचा ९० मीटर उंचीचा हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म घेतला. हायड्रॉलिक म्हणजे दाबाखालील तेलाच्या बळावर चालणारा. त्याचा हात एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असून टोकाला पिंजरा असतो, आणि ९० मीटर म्हणजे ढोबळमानाने तीस मजले. ही खरेदी ज्या शहरात झाली त्यात साठ मजल्यांचे इम्पीरियल मनोरे आधीच उभे होते, त्यामुळे नवे वाहन आले त्या दिवशीही ते आपल्या शहराहून ठेंगणेच होते. वडाळ्यापुरते बोलायचे, तर नायगावच्या हद्दीवरील बाँबे डाइंगच्या स्प्रिंग मिलच्या जमिनीवर उठलेले जुळे मनोरे आणि पूर्वेकडील न्यू कफ परेड हा प्रकल्प हे दोन्ही त्या पल्ल्याच्या बरेच वर आहेत. त्याच कारखान्याचा ११२ मीटरांचा नमुना घेतला असता तरी चित्र फारसे बदलले नसते.

उंचीहून अधिक बोलके ठरतात ते ज्या आगींत या वाहनांचा खरोखर उपयोग झाला किंवा झाला नाही त्यांचे तपशील. २२ जुलै २०१९ रोजी वांद्रे येथील एमटीएनएलच्या नऊमजली इमारतीला आग लागली तेव्हा गच्चीवर आणि खिडक्यांत अडकलेल्या ८४ जणांना दलाने सुखरूप उतरविले. नव्वद मीटरांची कीर्ती ज्या वाहनांमुळे झाली त्या जातीच्या वाहनांनी आपला एक मोठा पराक्रम नऊ मजल्यांवर गाजवला, ही गोष्ट खरेदीच्या चर्चेत क्वचितच निघते. याउलट २२ ऑक्टोबर २०२१ रोजी करी रोडच्या अविघ्न पार्क या साठ मजल्यांच्या मनोऱ्यात १९ व्या मजल्यावर आग लागली. तो मजला कागदावर उंच शिडीच्या आवाक्यातला, तरी सज्ज्याच्या कठड्याला लटकलेला सुरक्षा रक्षक हात सुटून खाली पडला आणि मरण पावला. मोठे वाहन केंद्रातून निघते, वाहतुकीतून वाट काढते, इमारतीच्या फाटकातून आत शिरते, जॅक टेकवून सपाट होते आणि मगच हात वर काढू लागते. माणसाच्या मुठीत तेवढा वेळ नसतो.

मनोऱ्यांच्या पायथ्याशी असलेला पोडियम ही यातली सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. पोडियम म्हणजे मोटारी ठेवण्यासाठी खालच्या काही मजल्यांचा रुंद चौथरा, ज्याच्यावर मूळ मनोरा आत सरकून उभा राहतो. वाहनाला चौथऱ्यावर चढण्याची सोय नसेल किंवा त्याच्या स्लॅबला एवढे वजन सोसवत नसेल, तर शिडी खाली रस्त्यावर थांबते आणि तिचा आडवा पल्ला चौथरा ओलांडण्यातच खर्च होतो. म्हणून इमारतीभोवती जमिनीच्या पातळीवर सहा मीटर मोकळी जागा असावी, या आग्रहावरून मुंबईत विकासक, महापालिका आणि न्यायालये यांच्यात बराच वाद झाला. अडीच मीटर रुंदीचे वाहन जॅक पसरल्यावर दुपटीहून अधिक जागा व्यापते, हे लक्षात घेतले तर सहा मीटरांची मागणी चैनीची नव्हती.

कायद्याने मात्र हळूहळू शिडीवरचा भरवसा कमी केला, आणि ही वाट शहाणपणाची होती असे म्हणावे लागते. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर किंवा त्याहून अधिक उंचीच्या इमारतीस उंच इमारत मानते. १५ मीटर, म्हणजे पारशी वसाहतीच्या वरच्या सज्जापर्यंत पोचणाऱ्या शिडीची लांबी. तिच्यावर गेलेल्या इमारतीने आपले रक्षण बऱ्याच अंशी आपणच करावे, असा याचा अर्थ लावता येतो. बंद जिने, आगीच्या वेळी चालणारे उद्‌वाहन, छतातील फवारे आणि ठरावीक मजल्यांनंतर सोडलेली आश्रयाची जागा, जिला लोक रेफ्यूज एरिया म्हणतात, ही त्या स्वसंरक्षणाची अंगे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने ती यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत देण्याचे बंधन घातले. कागदावर ही व्यवस्था निर्दोष आहे. परंतु आश्रयाच्या जागा सामानाने भरलेल्या आणि फवाऱ्यांच्या नळ्या कोरड्या, अशी स्थिती आगीनंतरच्या चौकशांत वारंवार समोर येते. मग पुन्हा सर्वांची नजर खाली उभ्या असलेल्या शिडीकडे वळते. लंडनसारख्या जुन्या दलाच्या शहरातही १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवरच्या आगीत असेच घडले : चोवीस मजल्यांच्या त्या इमारतीत ७२ माणसे गेली, ४२ मीटरांचे वाहन शेजारच्या सरे परगण्यातून मागवावे लागले, आणि पुढे त्या दलाने ६४ मीटरांच्या मागिरस शिड्या विकत घेतल्या.

दाट वस्तीत हा सर्व विचार लागूच पडत नाही. संगमनगरसारख्या भागांत घरे तळमजल्यावरून दोन-तीन मजल्यांवर गेली आहेत, पण गल्ली मात्र हातगाडीच्या रुंदीची राहिली आहे. तेथे बंबवाले मोठे वाहन हमरस्त्यावर सोडून नळ्या खांद्यावर घेऊन धावतात, आणि उपयोगी पडते ती लहान वाहने व हातशिडी. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दलाचे चार अधिकारी प्राणांस मुकले. ज्या दशकात दलाने शहरातील सर्वांत उंच वाहन आणले त्याच दशकातील त्याची ही सर्वांत मोठी हानी चाळींच्या मुंबईत झाली.

वडाळ्यापुरता शिडीच्या इतिहासातला सर्वांत अनपेक्षित प्रसंग आगीचा नाहीच. चेंबूर ते वडाळा ही मोनोरेल २०१४ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत वाढविली गेली. तिचा मार्ग काँक्रीटच्या एका अरुंद तुळईचा असून बाजूने चालत जाण्यास पायवाट नाही, म्हणजे गाडी दोन स्थानकांच्या मध्ये थांबली की प्रवासी अधांतरी राहतात. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मुसळधार पावसाने उपनगरी रेल्वे ठप्प झाल्यामुळे लोकांनी मोनोरेलकडे धाव घेतली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या निवेदनानुसार १०४ टनांची क्षमता असलेल्या गाडीचे वजन १०९ टनांपर्यंत गेले, विजेशी असलेला संपर्क तुटला, आणि म्हैसूर कॉलनी व वडाळ्याचे भक्ती पार्क यांच्या दरम्यान ती बंद पडली. वातानुकूलन थांबले, दिवे गेले, लोक गुदमरू लागले. अग्निशमन दलाने स्नॉर्केल लावून त्या संध्याकाळी ५८२ प्रवाशांना खाली उतरविले, आणि काही तास चाललेले हे काम पार पडले ते मुख्यतः तुळईच्या बाजूने मोठी वाहने उभी करण्याजोगा रस्ता होता म्हणून. आणखी एक गाडी त्याच संध्याकाळी अडकली होती, ती ओढून वडाळा स्थानकात आणावी लागली. महिन्याभरात याच पट्ट्यात पुन्हा बिघाड झाला, आणि २० सप्टेंबर २०२५ पासून सेवा स्थगित करण्यात आली. शहराने बांधलेल्या वाहतुकीच्या साधनाची सुटकेची वाट अग्निशमन दलाच्या ताफ्यातून जावी, हे त्या साधनाच्या आखणीविषयी पुष्कळ सांगून जाते.

अशा वाहनाचे वय कसे मोजावे, हा प्रश्न आता कायद्याच्याही कक्षेत आला आहे. शिडीचे वाहन केंद्रात बहुतांश वेळ उभे असते, म्हणून त्याने कापलेले अंतर ट्रकाच्या मानाने नगण्य भरते. झिजतात त्या दुसऱ्याच गोष्टी : भाग वर ओढणाऱ्या पोलादी तारा, तेलाच्या नळ्या आणि त्यांच्या रबरी कड्या, टर्नटेबलखालचे दाते, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजणारे सांधे. चालत्या गाडीतला बिघाड गाडी थांबवितो. उंचावरील पिंजऱ्यातला बिघाड आतल्या माणसांना तेथेच ठेवतो, म्हणून ठरावीक मुदतीनंतर तारा बदलणे, भाराची चाचणी घेणे आणि हात पूर्ण उघडून तडे शोधणे हे करावेच लागते. सुटे भाग उल्महून किंवा फिनलंडहून यावयाचे, आणि कारखान्याने तो नमुना बनविणे थांबविले की त्यांची वाट पाहणे आलेच. पुष्कळ शिड्या मोडण्याआधी निकामी होतात त्या याच कारणाने. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेने सरकारे, महापालिका आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द ठरविली. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठी वापरल्या जाणाऱ्या विशेष वाहनांना सवलत मिळाली, आगीच्या बंबांचा त्यात उल्लेख नव्हता. देशातील अनेक दलांपुढे त्यामुळे चालू स्थितीतील वाहने केवळ तारखेमुळे बाजूला काढण्याची वेळ आली.

नव्या वाहनासाठी निविदा काढताना म्हणून उंचीबरोबर आणखी तीन आकडे मागविले जाणे आवश्यक ठरते : किती आडव्या अंतरावर किती वजन उचलता येते, जॅक पसरण्यास किती रुंदी लागते, आणि सुटे भाग किती वर्षे पुरविण्याची हमी कारखाना देतो. वडाळ्याच्या कात्रक रोडवर तीस मीटरांची, चपळ आणि अरुंद जागेत वळणारी शिडी ९० मीटरांच्या अजस्र वाहनाआधी पोचेल. भक्ती पार्कच्या तुळईखाली सांध्यांचा हात आणि मोठा पिंजरा लागेल. आणि पूर्वेकडील मनोऱ्यांच्या वरच्या मजल्यांसाठी यांपैकी काहीच पुरणार नाही, तेथे छतातील फवारे आणि बंद जिने हेच उपयोगी पडतील. मुंबईच्या ताफ्यात वेगवेगळ्या उंचीची वाहने एकत्र नांदतात ती या कारणाने, आणि जुने वाहन निघाले की त्याच्याच उंचीचे दुसरे घ्यावे की अधिक उंच, याचा निर्णय त्या केंद्राच्या हद्दीतील रस्ते मोजल्याखेरीज करता येत नाही.